यंत्राला श्रद्धा नसते

जयवंतीच्या अंगणात त्या रविवारी दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीच्या गजांना माणसं चिकटली होती. ओटीवर बाया दाटीवाटीने बसल्या होत्या, कुंकवाच्याही आणि गळ्यात क्रूस असलेल्याही. मे महिन्याचं ऊन, वर पत्रा आणि आत एवढ्या माणसांचा घाम. तरी कोणी जागचं हलत नव्हतं. कारण हिमकंठ महाराज एका कम्प्युटरला थंड करणार होते.

हो, कम्प्युटरला. आमच्या भुईगावात भूत उतरवणारे पाहिलेत, गुप्तधनाची जागा दाखवणारे पाहिलेत. यंत्राचा ताप उतरवणारा हा पहिलाच.

कम्प्युटर प्रियलचा. प्रियल म्हणजे जयवंती आणि रमेशची मुलगी, आमच्या कुंपणाच्या पलीकडची. यंदाच बारावीची परीक्षा दिलेली. एकेक भाग जमवून तिने तो स्वतः जोडला होता. पावाच्या डब्याएवढा लहान, कारण खोलीत मोठ्याला जागाच नव्हती. त्यावर ती मैत्रिणींबरोबर खेळ खेळायची आणि खेळता खेळता मराठीत काहीबाही बोलायची. लोक ते आपापल्या मोबाइलवर बघायचे, ऐकायचे. पण उन्हाळा लागला की तो डबा मिक्सरसारखा ओरडायचा. तिचं बोलणं त्यात बुडून जायचं. मग एकदम सगळं काळं. आपोआप बंद. गल्लीत कुजबुज सुरू झाली की यंत्रात काहीतरी शिरलंय.

आणि प्रियलला फिट येतात. हे आधीच सांगते, कारण खरी गोष्ट त्या डब्याची नाहीच, या पोरीची आहे. शाळेत असताना तिला पहिली फिट आली. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, गोळ्या सुरू केल्या आणि फिट थांबल्या. मध्ये एका लग्नाच्या गडबडीत गोळ्या चुकल्या, तेव्हा पोर गॅससमोर पडली. हातावर भाजल्याचा डाग अजून आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हिच्या फिटचा आणि पडद्याचा संबंध नाही, झोप पुरी घे आणि गोळी चुकवू नको. पण आईचं मन. यंत्र तापतं आणि बंद पडतं, पोरही तशीच पडते. जयवंतीच्या डोक्यात दोन्ही एकाच दोऱ्यात ओवलं गेलं होतं.

तर महाराज आले. अंगावर लोकरीची निळी शाल. मे महिन्यात! लोक त्यालाच अर्धा चमत्कार समजत होते. गळ्यात रुद्राक्षही होता आणि क्रूसही.

"माझा धर्म कोणता?" त्यांनी डोळे मिटून विचारलं. "थंडावा! थंडाव्याला जात नाही, पंथ नाही. माताजी, यंत्रालाही पित्त होतं. या प्रोसेसरची पिंगला नाडी चढली आहे. याला कॉस्मिक कूलिंग द्यावं लागेल."

टीव्हीच्या बाजूला काचेचं कपाट आहे, त्यात कम्प्युटर ठेवलेला. वर क्रोशाचा रुमाल. आमच्याकडे घरात चांगली वस्तू आली की तिला आधी विणलेला रुमाल मिळतो. रेडिओला मिळाला, टीव्हीला मिळाला. किनाऱ्याची रेती उडते, वाडीतली धूळ येते, म्हणून जयवंती रुमाल घालून वर काचही लावून ठेवायची. प्रियलने खेळ चालू केला आणि डबा काचेच्या आतून किंचाळू लागला.

"ऐका!" महाराज ओरडले. "ऐका त्याचं दुःख!"

बरोबर आलेल्या चेल्याने झांजा सुरू केल्या. महाराजांनी काच सरकवली, रुमाल दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवला. याला म्हणे वस्त्रमोचन. मग कम्प्युटर बाहेर काढून खिडकीजवळच्या चौरंगावर ठेवला. गर्दीला गुदमरत होतं म्हणून शेजारी उभा पंखा चालू होताच. मग भला मोठा शंख डब्याच्या जाळीला लावून फुंकला. झांजांच्या कल्लोळात दुसऱ्या बाजूने काळपट ढग बाहेर पडला.

"गेली! काळी शक्ती गेली!"

बायांनी पदर तोंडाला लावले. माझ्या पुढची तेरेसा क्रूसाची खूण करायला लागली. चेल्याने गुडघे टेकून कीबोर्डावर मोगऱ्याचं फूल वाहिलं. शेवटी महाराजांनी मंत्र म्हणत तळहाताएवढा तांब्याचा पत्रा डब्याच्या वरच्या कडेला ठेवला. त्याचं नाव शीतकवच.

आणि डबा गप्प झाला. खेळ पडद्यावर चालूच होता, पण आवाज नाही. मग टाळ्या, शिट्ट्या, जयजयकार.

सेबेस्टियन सर पुढेच बसले होते. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. महाराजांनी नेमकं त्यांनाच गाठलं.

"सर, डॉक्टर म्हणतात, बाबांकडे जाऊन माणसाला बरं वाटतं ते नुसतं श्रद्धेने. मला सांगा, यंत्राला श्रद्धा असते?"

"नसते," सर म्हणाले.

"मग हे थंड कसं झालं?"

सरांना उत्तर सुचलं नाही. त्यांनी हात जोडले. माझ्या अंगाची आग झाली. उत्तर आलं नाही तर गप्प राहावं. हात कशाला जोडायचे? सरांनी हात जोडले ते पाहून मागच्यांनीही जोडले.

जाताना महाराज सांगून गेले, "आता यंत्र होतं तसंच झाकून कपाटात ठेवा. कवच वर असू द्या."

डबा पुन्हा ओरडायला फार वेळ लागला नाही. जयवंतीने महाराजांना फोन केला. तिकडून प्रश्न आला, घरात दुसरी कुठली उष्णता आहे का, कोणी उष्ण औषध घेतं का? हिने भाबडेपणाने पोरीच्या गोळ्यांचं सांगितलं. झालं. पुढच्या रविवारी औषधाचं विसर्जन ठरलं.

हे मला कुंपणावरून कळलं. जयवंती कपडे वाळत घालत होती.

"जयवंती, डोकं ठिकानावर हाय का तुझं? गोळ्या पान्यात टाकनार?"

"मावशी, ज्यांनी यंत्र गार केलं ते पोरीचं डोकं नाय गार करनार?"

"पन यंत्र कुठं गार ऱ्हायलं? मला माज्या घरात झोप येत नाय त्याच्या बोंबेनं!"

"ते गोळ्यांमुळंच. महाराज बोलले ना." तिने चिमटा दोरीवर असा मारला की जणू माझ्याच जिभेवर. "तुमची पोर असती म्हनजे कळलं असतं. उद्या हिच्याशी लग्न कोन करील? आयुष्यभर गोळ्या खात बसेल?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तिच्यावर नाही चिडले. त्या डोळ्यांतलं पाणी बघून ज्याने धंदा मांडला, त्याच्यावर चिडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रियल माझ्या दारात उभी. पाठीवरच्या बॅगेत कम्प्युटर, काखेत पडदा.

"आजी, तुझ्याकडे रिकामा प्लग आहे?"

"हाय की. पन माजी खोली तुमच्यापेक्षा तापते गो. वर पत्राच हाय."

"तेच पाहिजे. अजून चार करवंट्या दे. नारळाच्या."

करवंट्यांना आमच्याकडे काय तोटा? तिने त्या टेबलावर पालथ्या मांडल्या आणि कम्प्युटर त्यांच्यावर बसवला. मग रंगकामाच्या ब्रशने जाळी झाडली. खेळ चालू केला. मी कानात बोटं घालायच्या तयारीत होते. डबा जरासा घुमला, बस्स. छताचा पंखा त्याच्यापेक्षा जास्त कुरकुरत होता.

"इथं भिंतीवर क्रूस हाय म्हनून काय?" मी चेष्टा केली.

"इथे कपाट नाही म्हणून!" ती उसळली. "आजी, हा डबा खालून आणि बाजूने हवा ओढतो आणि गरम हवा वरून टाकतो. आई त्याला रुमाल घालते, काच लावते. मग तो स्वतःचीच गरम हवा परत परत आत घेतो. तू गोधडीत तोंड खुपसून धाव, मग बघ ओरडतेस की नाही. मी आईला शंभरदा सांगितलं. ती म्हणते रेती जाईल."

"आनि तो काळा ढग?"

"धूळ! खालची जाळी घोंगडीसारखी भरली होती. ती साफ करायची असते, दर थोड्या दिवसांनी. त्याने साफ केली आणि नाव दिलं काळी शक्ती. बाहेर काढलं, उंचावर ठेवलं, बाजूला पंखा. हेच तर करायचं असतं. आपण सगळे कवचाकडे बघत बसलो."

"मग त्या चेल्यानं फूल कशाला वाह्यलं?"

ती हसली, पण रागाने. "फुलाखाली दोन बटणं दाबली त्याने. खेळ एका सेकंदाला किती चित्रं काढतो, त्याला मर्यादा घालता येते. अर्धी केली की यंत्राला अर्धं काम. कमी काम, कमी ताप. दुसऱ्या दिवशी खेळायला बसले तेव्हा मला कळलं, सेटिंग बदललेलं होतं, मी ते परत होतं तसं केलं. आणि मला वाटतं त्याला ठाऊक होतं की पुन्हा झाकलं की पुन्हा तापणार. तापलं की दोष द्यायला माझ्या गोळ्या आहेतच."

मी उठले आणि जयवंतीला हाताला धरून घेऊन आले. तिने बघितलं. ऐकलं. पदराच्या टोकाशी खेळत राहिली.

"महाराज बोलले होते," ती शेवटी म्हणाली, "यंत्र आमच्या घराबाहेर गेलं की गार होईल. घरातच उष्णता हाय."

बघा कसा असतो हा पिंजरा. गार झालं तर महाराजांमुळे, तापलं तर गोळ्यांमुळे, आणि शेजारी गार राहिलं तरी त्यांचंच खरं. हरायची वाटच ठेवलेली नाही. ज्या माणसाला हरायची वाटच नसते, त्याच्याशी खेळायचंच कशाला? पण इथे पोरगी पणाला लागली होती. शनिवारी जयवंतीने गोळ्यांची पाकिटं आपल्या ताब्यात घेतली. रमेशला मी विचारलं, तू बाप आहेस ना? तो म्हणाला, "मावशी, दोन आठवडे बघू. तिच्या मनाचं समाधान." मनाचं समाधान! पडेल तेव्हा पोर पडेल, समाधान नाही पडणार.

रविवारी गर्दी आणखी वाढली. अंगणात पाण्याने भरलेलं घंगाळ ठेवलं होतं, ते म्हणे शीतकुंड. कपाटात काचेआड, रुमालाखाली, कवच बसवलेला डबा खेळ चालू ठेवल्याने घुमत होता. जयवंती गोळ्यांची पाकिटं मुठीत धरून उभी. महाराज शालीत.

"आधी विसर्जन," महाराज म्हणाले, "मग बघा, यंत्र आपोआप शांत होईल."

"आधी यंत्र," प्रियल म्हणाली. "मग मी स्वतः टाकते गोळ्या."

आईने डोळे वटारले. पण गर्दीला खेळ हवा होता. "होऊ द्या, होऊ द्या!" मागून आवाज आले. महाराज हसले आणि काचेकडे हात नेला.

"काच नका उघडू," प्रियल आडवी आली. "कवच आतच आहे. तुम्ही बाहेरून मंत्र म्हणा. मंत्राला काच आडवी येते का?"

खसखस पिकली. महाराजांचा चेहरा बदलला. "ही परीक्षा झाली, बालिके. शंकेपुढे शक्ती टिकत नाही."

मला राहवलं नाही. "कोनाला शंका आली? डब्याला? मागच्या रविवारी तूच सरांकडून बोलवून घेतलंस ना, यंत्राला श्रद्धा नसते म्हनून? ज्याला श्रद्धा नाय त्याला शंका कुठून यायची रे?"

आता मात्र अख्खं अंगण हसलं. आणि सेबेस्टियन सर उभे राहिले. खाली बघत म्हणाले, "बाई बरोबर बोलतेय. मागच्या वेळी मला हे सुचायला हवं होतं. म्हणा मंत्र."

महाराजांनी सुरू केलं. झांजा वाजल्या. चेला फूल घेऊन कीबोर्डाकडे सरकला, तसा प्रियलने बापाकडे पाहिलं. रमेश इतका वेळ खांबाला टेकून होता. तो पुढे झाला आणि त्याने चेल्याचं मनगट धरलं. "फूल मी वाहतो. तू झांजा वाजव."

पडद्याच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा होता. नव्वद. मंत्र चढत गेला, आकडाही चढत गेला. डबा किंचाळत होता. महाराजांच्या कपाळावरून घाम शालीत ओघळत होता. आणि एकदम टक्‌ असा आवाज. पडदा काळा. सगळीकडे शांतता.

"शांत!" महाराजांनी दोन्ही हात वर केले. "झालं शांत!"

काही जणांनी टाळ्याही वाजवल्या. देवा शपथ, वाजवल्या.

"शांत नाही," प्रियल म्हणाली. "बंद पडलं. जळू नये म्हणून स्वतःच बंद झालं. महाराज, मेलेलं माणूसही शांतच असतं."

जयवंतीच्या मुठीतली पाकिटं चुरचुरली.

मग प्रियलने कोणाची परवानगी मागितली नाही. काच उघडली, रुमाल काढला, डबा ओटीवर आणून माझ्या करवंट्यांवर ठेवला. सरांनी कोणाच्या तरी सायकलचा पंप आणून जाळीतून हवा मारली. पुन्हा साचलेली धूळ उडाली.

"गेली, काळी शक्ती गेली!" मागून कोणीतरी ओरडलं, आणि हसण्याची लाट आली.

डबा निवल्यावर तिने तोच खेळ पुन्हा चालू केला. आकडा वर गेला आणि सत्तरच्या आसपास थांबला. मग तिने सगळ्यांसमोर चित्रांची मर्यादा खाली आणली. आकडा आणखी उतरला, घुमणं ऐकू येईना. मग तिने शीतकवच उचललं आणि बरोबर वरच्या जाळीवर, जिथून गरम हवा बाहेर पडते, तिथे ठेवलं. थोड्या वेळाने डबा कुरकुरू लागला. कवच काढलं, गप्प. ठेवलं, कुरकुर. काढलं, गप्प.

"बघा," ती म्हणाली, "कवच नुसतं निरुपयोगी नाही, हवा अडवतं."

तोवर सरांनी महाराजांचा शंख उचलून उलटा केला होता. "अरे, या शंखाला चार्जिंगचं भोक आहे!" आत हवा मारायचा छोटा पंखा बसवला होता. सरांनी बटण दाबलं आणि शंख स्वतःच फुंकू लागला. पोरं गडाबडा लोळली.

पण जयवंती हसली नाही. ती घंगाळापाशी तशीच उभी होती. तिने महाराजांना विचारलं, "गोळ्या टाकून माझी पोर पडली असती तर?"

तो म्हणाला, "ते तिचं प्रारब्ध असतं, माताजी."

एवढंच. शाल सारखी करत, तोंडातली बडीशेप चघळत. मी इतक्या वर्षांत पुष्कळ नालायक माणसं पाहिली, पण असं सहज बोललेलं ऐकलं नाही. डब्याचा ताप उतरला तर कर्तृत्व याचं, आणि पोर मेली तर प्रारब्ध तिचं.

जयवंती लेकीकडे वळली. "सकाळची गोळी घेतलीस का गो?"

"तूच काढून घेतलीस ना."

जयवंतीला पाकीट फाडता येईना. रमेशने फाडून दिलं. भर अंगणात, सगळ्यांसमोर, जयवंतीने गोळी लेकीच्या तळहातावर ठेवली आणि माझ्या घरून आणलेला पाण्याचा तांब्या पुढे केला. प्रियलने गोळी गिळली. तेव्हा आईने तिचं डोकं छातीशी धरलं आणि मोठ्याने रडली.

रमेश आणि सर पोलिसांत तक्रार द्यायला निघाले, तेवढ्या वेळात महाराज मागच्या वाडीतून पसार झाले. जाताना वाटेत एकाने त्यांना अडवलं. मला वाटलं, आता देतो कानाखाली. तर तो हात जोडून विचारत होता, "महाराज, माझ्या गुडघ्याचं काय?"

म्हणून हे लिहायला बसले. तो माणूस पलीकडच्या गावात दुसऱ्या नावाने मांडव घालतोय असं कानावर आलंय. तुमच्याकडे आला तर यंत्र घेऊन येईल, नाहीतर आणखी काही. त्याला एवढंच सांगा की तुझी एकेक गोष्ट बाजूला काढून दाखव. मंत्र काढला तर काय होतं, पत्रा काढला तर काय होतं, तुझा चेला बाजूला बसवला तर काय होतं. जे खरं असेल ते अशाने घटत नाही. तो चिडला, शंकेला पाप म्हणाला, तर समजून जा. उत्तर सुचलं नाही तर "मला माहीत नाही" म्हणा, त्यात कमीपणा नाही, पण हात जोडू नका. आणि औषध थांबवा म्हणणारा कोणीही असो, शाल घातलेला, झगा घातलेला, की आपलाच नातेवाईक, त्याला तोंडावर विचारा, उद्या आमचं माणूस पडलं तर जबाबदार कोण? प्रारब्ध हा शब्द त्याच्या तोंडून निघाला की पुढचं ऐकत उभे राहू नका. आपलं माणूस घ्या आणि डॉक्टरांकडे जा.